मिशीवाली आई : गिजुभाई बधेका

भावनगरपासून काही कोसांवर वळा नावाचे गाव आहे. पुराणकाळापासून इतिहासकाळापर्यंत ते वलभी या नावाने ओळखले जात असे आणि आज त्याला वल्लभीपूर म्हणतात. श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाणानंतर ९८० वर्षांनी, दुसऱ्या गणनेनुसार ९९३ वर्षांनी, देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली श्रमणसंघ येथे एकत्र आला आणि तोवर मुखोद्गत असलेले आगम ग्रंथारूढ झाले. ज्ञान जपून पुढच्या पिढीच्या हाती कसे द्यावे, या चिंतेने ज्या भूमीत एवढे मोठे कार्य घडले, त्याच भूमीत चौदाशे वर्षांनंतर एक मुलगा पाटी-दप्तर घेऊन गावच्या शाळेत जात होता. त्याचे नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. पुढे सारा गुजरात त्यांना गिजुभाई म्हणू लागला, आणि बालमंदिरातील कौतुकाने त्यांना आणखी एक नाव मिळाले, ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई.

मुंबई-पुण्याच्या आणि खानदेशाच्या अनेक जैन घरांत भावनगर, वढवाण, राजकोट ही नावे पूर्वजांच्या गावांची म्हणून ओळखीची आहेत. त्या गावांच्या पेढ्या, देरासरे आणि धर्मशाळा यांची माहिती घरोघर असते. परंतु त्याच परिसरात विसाव्या शतकाच्या आरंभी बालशिक्षणाचा जो प्रयोग झाला, त्याची आठवण मात्र फार थोड्यांना आहे. महाराष्ट्रातील बालवाडीची वाट ज्या गावातून आली ते गाव भावनगर होते, ही गोष्ट तर जवळजवळ विस्मृतीत गेली आहे.

गिजुभाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. बालपण वळा येथे आणि पुढील शिक्षण भावनगरला गेले. त्या काळची शाळा कशी होती, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. मांडी घालून बसलेली मुले, गुरुजींच्या हातातील छडी, पाढ्यांचा एकसुरी घोष आणि चुकल्यास अंगठे धरून उभे राहण्याची शिक्षा, हे चित्र काठियावाडात होते तसेच देशावरही होते. मारल्यावाचून विद्या येत नाही, ही समजूत इतकी सर्वमान्य होती की मुलाला शाळेत घालताना पालकच गुरुजींना मारण्याची मोकळीक देऊन येत. शाळेची भीती वाटणे हे मुलाचे दुर्भाग्य आहे, असे कोणी मानत नव्हते. उलट भीती हाच शिक्षणाचा पाया समजला जाई.

महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले. १९०७ मध्ये, काठियावाडातील असंख्य तरुणांप्रमाणे, गिजुभाई उपजीविकेसाठी पूर्व आफ्रिकेला गेले. दोन वर्षांनी परतल्यावर त्यांनी मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण कँप येथे वकिली सुरू केली. बुद्धी तल्लख आणि वाणी प्रभावी असल्यामुळे जम बसायला फार काळ लागला नाही. या टप्प्यापर्यंतचे त्यांचे आयुष्य एखाद्या यशस्वी गृहस्थाच्या आयुष्यासारखेच आहे आणि तसेच पुढे चालले असते, तर आज त्यांच्याविषयी लिहिण्याचे कारण उरले नसते.

१९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला. नाव ठेवले नरेंद्र. घरात मूल आले की बाप त्याच्या नावाने ठेव ठेवतो, जमीन घेतो, पत्रिका करतो. गिजुभाईंना मात्र एका प्रश्नाने अस्वस्थ केले. ज्या शाळेत आपण शिकलो, त्याच शाळेत याला पाठवायचे काय? मुलाला मार बसू नये आणि तरीही त्याने शिकावे, असा काही मार्ग जगात आहे का? ही जिज्ञासा त्यांना वसो येथील शिक्षणप्रेमी मोतीभाई अमीन यांच्याकडे घेऊन गेली. बडोदे संस्थानातील वाचनालय चळवळीमुळे मोतीभाईंचे नाव गुजरातेत आदराने घेतले जाते. त्यांच्याकडून गिजुभाईंना इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीवरील वाङ्मय मिळाले. एका वकिलाने पोराच्या काळजीपोटी वाचायला घेतलेल्या त्या पानांनी त्यांची वकिलीच संपवली.

डॉ. माँटेसरी या वैद्यकाच्या पदवीधर होत्या. १९०७ मध्ये रोममधील गरीब वस्तीत त्यांनी ‘बालगृह’ सुरू केले होते. मूल हे रिकामे भांडे नव्हे. त्याच्या अंगी शिकण्याची उपजत ओढ असते. मोठ्यांनी योग्य वातावरण व साधने द्यावीत आणि स्वतः बाजूला राहून निरीक्षण करावे, असा त्यांचा सिद्धांत होता. साधने अशी की चूक झाली तर ती साधनच दाखवून देते. लाकडी दट्ट्या चुकीच्या खाचेत बसत नाही, म्हणून शिक्षिकेने रागावण्याचा प्रश्नच येत नाही. शिक्षा नाही, बक्षीस नाही आणि मुलामुलांत चढाओढही नाही. गिजुभाईंना यात नुसती पद्धत दिसली नाही, तर बालपणाकडे पाहण्याची निराळी दृष्टी दिसली.

भावनगरला त्या वेळी दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन ही संस्था उभी राहत होती. शामळदास कॉलेजातील प्राध्यापकपद सोडून आलेले नृसिंहप्रसाद भट्ट, म्हणजेच नानाभाई भट्ट, यांनी सहकाऱ्यांसह १९१० मध्ये तिची स्थापना केली होती. दक्षिणामूर्ती हे शिवाचे गुरुरूप. वटवृक्षाखाली बसलेला हा तरुण गुरू वृद्ध शिष्यांना मौनानेच शिकवतो, अशी कल्पना आहे. शिक्षकाने कमी बोलावे हा विचार ज्या संस्थेत पुढे रुजला, तिच्या नावातच तो असावा, हा योगायोग सुंदर खरा. गिजुभाई आरंभी या संस्थेची घटना तयार करण्यास साहाय्य करणारे कायद्याचे जाणकार म्हणून तिच्याशी जोडले गेले आणि १९१६ मध्ये वकिलीचा त्याग करून पूर्णवेळ तेथे दाखल झाले. एकतीस वर्षांचा, कुटुंबवत्सल, चालती वकिली असलेला माणूस संस्थेच्या तुटपुंज्या वेतनावर येतो, तेव्हा नातेवाइकांना काय वाटले असेल, याची कल्पना कोणत्याही व्यापारी घराला सहज करता येईल.

प्रथम त्यांच्याकडे विनयमंदिराचे, म्हणजे माध्यमिक शाळेचे, काम आले. आचार्य या नात्याने त्यांनी तेथे अनेक सुधारणा केल्या. परंतु मोठ्या मुलांमध्ये काम करताना त्यांच्या ध्यानात आले की आपण फार उशिरा आलो आहोत. बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात भीती, खोटेपणा, घोकंपट्टीची सवय आणि पहिल्या नंबराची हाव ही मुळे खोल गेलेली असतात. घराने आणि प्राथमिक शाळेने जे बिघडवले ते माध्यमिक शाळेत दुरुस्त करण्यात सारी शक्ती जाते. काम करायचे तर अडीच-तीन वर्षांच्या मुलापासून केले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. हायस्कूलचा आचार्य अडीच वर्षांच्या मुलांचे नाक पुसायला बसला, हे त्या काळी चेष्टेचा विषय होण्याजोगेच होते. १९२२ मध्ये तख्तेश्वराच्या टेकडीवर बालमंदिराची स्वतंत्र वास्तू झाली. तिचे उद्घाटन कस्तुरबा गांधी यांच्या हस्ते झाले.

बालमंदिर हे नाव त्यांनी विचारपूर्वक ठेवले होते. देवळात माणूस ज्या भावनेने जातो, त्या भावनेने शिक्षकाने मुलाजवळ जावे, असा त्यामागील आशय होता. तेथे बाके आणि फळा यांना मुख्य स्थान नव्हते. मुलांच्या उंचीची कपाटे, मुलांना उचलता येतील असे पाट व चटया, हात धुण्याची जागा, झाडांची वाफे आणि मोकळे अंगण अशी रचना होती. मूल आले की हातपाय धुवून, केस नीट करून स्वतःच्या आवडीचे साधन घेई आणि मनाजोगे काम करी. कोणी रंगांच्या पट्ट्या लावत बसे, कोणी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवी, कोणी झाडांना पाणी घाली. सर्वांनी एकाच वेळी एकच गोष्ट करावी, असा आग्रह नव्हता. इटालियन लिपीची साधने गुजराती मुलांच्या कामाची नव्हती. म्हणून गुजराती अक्षरे, गुजराती शब्दांच्या चिठ्ठ्या, येथील फुले, फळे आणि धान्ये यांना त्यात स्थान मिळाले.

शांततेचा खेळ हा या दिनक्रमातील अत्यंत हृद्य भाग होता. खिडक्या लोटून घ्यायच्या, डोळे मिटायचे, शरीर स्थिर ठेवायचे आणि कानावर पडणारे बारीकसारीक आवाज ऐकायचे. थोड्या वेळाने शिक्षकाने एकेका मुलाचे नाव अगदी हळू आवाजात घ्यायचे आणि त्या मुलाने पाऊल न वाजवता जवळ यायचे. सामायिकाला बसणाऱ्या घरातील वाचकांना या खेळाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. चूप म्हणून दरडावल्याने येणारी शांतता आणि मुलाने स्वतः निर्माण केलेली शांतता यांत किती अंतर असते, हे गिजुभाईंनी तेथे दाखवून दिले.

मात्र ते डॉ. माँटेसरींचे आंधळे अनुयायी नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लहान वयात परीकथा आणि कल्पित गोष्टी मुलांना सांगू नयेत, प्रथम त्यांना वास्तव जगाची ओळख व्हावी, असे माँटेसरींचे मत होते. गिजुभाईंना ते पटले नाही. ज्या देशात पंचतंत्र जन्मले, जेथे आजीच्या मांडीवर चिमणी-कावळ्याची गोष्ट ऐकल्यावाचून मूल झोपत नाही, तेथे गोष्टीला दाराबाहेर ठेवून बालशिक्षण कसे होणार? त्यांनी काठियावाडातील लोककथा गोळा केल्या, मुलांसमोर सांगून पाहिल्या, कोणती गोष्ट कोणत्या वयाला रुचते, कोठे मूल हसते, कोठे घाबरते, कोणता शब्द त्याला पुन्हा पुन्हा हवासा वाटतो, याचे निरीक्षण केले आणि मग त्या लिहिल्या. त्यांच्या बालवार्तांमधील लयबद्ध, पुनरुक्त वाक्ये गुजराती घरांत आजही मुलांच्या तोंडी आहेत. गोष्ट सांगण्याच्या कलेवर त्यांनी ‘वार्तानुं शास्त्र’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. गोष्टीच्या शेवटी तात्पर्य चिकटवण्याची खोड त्यांना अजिबात मान्य नव्हती. गोष्ट आनंदासाठी सांगावी. तिच्यातून जे घ्यायचे ते मूल आपल्या कुवतीप्रमाणे घेईल, अशी त्यांची धारणा होती. धार्मिक पाठशाळांत शिकवणाऱ्यांनी या मताचा विचार करण्यासारखा आहे, कारण कथेची जी विपुल संपत्ती जैन वाङ्मयात आहे ती पुष्कळदा तात्पर्याच्या ओझ्याखाली मुलांपर्यंत पोहोचतच नाही.

नाटक, गाणी, रास, मातीकाम, चित्रे आणि सहल यांनाही त्यांनी असेच स्थान दिले. मुलांच्या नाटकात ते स्वतः पात्र होत. मुले त्यांना गुरुजी म्हणत नसत. गिजुभाई अशीच हाक मारत.

हे सर्व पाहून पालक आनंदित झाले असतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नव्या शिक्षणाला पहिला अडसर घरातूनच होतो. मूल खेळते, मग शिकते केव्हा? परीक्षा नाही, तर प्रगती कळणार कशी? धाक नसेल तर पुढे वळण कसे लागणार? हे प्रश्न भावनगरमध्ये विचारले जात होते आणि आजच्या पालकसभेतही तेच विचारले जातात. गिजुभाईंनी पालकांना शत्रू मानले नाही. पालकांसाठी त्यांनी सातत्याने लिहिले. ‘मा-बाप थवुं आकरुं छे’ या पुस्तकाच्या नावातच आईबाप होणे अवघड असते ही कबुली आहे. मूल जेवताना सांडते म्हणून रागावणारी आई, पाहुण्यांसमोर मुलाला श्लोक म्हणून दाखवायला लावणारा बाप, दोन भावंडांची तुलना करणारी आत्या, अशी घरोघरची माणसे त्यांच्या छोट्या प्रसंगचित्रांतून भेटतात आणि वाचणाऱ्याला आपलेच प्रतिबिंब दिसून ओशाळल्यासारखे होते.

त्यांच्या सर्व लेखनात ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक शिरोमणी ठरले. ते १९३० च्या सुमारास गुजरातीत प्रसिद्ध झाले आणि पुढे हिंदी, इंग्रजी, मराठी इत्यादी भाषांत गेले. बालमंदिराला स्वतःची इमारत होती, निवडक शिक्षक होते, भावनगर संस्थानचे वातावरण अनुकूल होते. तेथे जे जमले ते साध्या सरकारी शाळेत जमेल काय, हा आक्षेप गिजुभाईंच्या कानावर येत असणारच. ‘दिवास्वप्न’ हे या आक्षेपाला दिलेले उत्तर आहे. त्यात लक्ष्मीराम नावाचा एक ध्येयवादी शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि प्रयोगासाठी एक वर्ग मागतो. अधिकारी संशयी आहे, परंतु सज्जन आहे. तो चौथीचा वर्ग देतो; अट एवढीच की वर्षअखेर परीक्षा होईल.

पहिल्याच दिवशी लक्ष्मीरामची फजिती होते. पुस्तकात वाचलेला शांततेचा खेळ तो मोठ्या आशेने सुरू करतो आणि मुले आरडाओरडा करून तो उधळून लावतात. धाकात वाढलेल्या मुलांना एका दिवसात मोकळीक पचत नाही, हे गिजुभाईंनी येथे लपवलेले नाही. पुस्तकाचे बळ याच प्रामाणिकपणात आहे. आपल्या नायकाला पहिल्याच पानांत अपयशी दाखवण्याचे धैर्य किती प्रचारकांकडे असते? दुसऱ्या दिवशी लक्ष्मीराम गोष्ट सांगतो. वर्ग चिडीचूप होतो. गोष्ट दिवसेंदिवस चालते, मुले वेळेवर येऊ लागतात, हजेरी आपोआप भरते. मुख्याध्यापक विचारतात, शिकवायला प्रारंभ केव्हा करणार? लक्ष्मीरामच्या मते तो केव्हाच झालेला असतो. गोष्टींमुळे मुले ऐकायला शिकली, रांगेत बसायला शिकली, त्यांची भाषा सुधारली आणि वाचण्याची भूक जागी झाली.

मग तो पालकांना सुचवतो की सगळ्यांनी एकच एक पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजी तोच पैसा एकत्र करून निरनिराळी पुस्तके घ्यावीत. त्यातून वर्गाचे वाचनालय उभे राहते. हा विचार करणाऱ्याचे डोके व्यवहारी होते, हे कोणीही मान्य करील. त्याच खर्चात एका पुस्तकाच्या जागी अनेक पुस्तके प्रत्येक मुलाच्या हाती आली. लक्ष्मीराम मुलांची वाढलेली नखे पाहतो, तुटकी बटणे पाहतो, स्वच्छतेविषयी घरी निरोप धाडतो. सहकारी शिक्षक थट्टा करतात. खेळवण्यासाठी पगार घेतो, असे टोमणे मारतात. मैदानावर नेलेली मुले भांडतात, तक्रारी घरी जातात, पालक संतापून येतात. पण वर्ष सरता सरता मुले न घाबरता बोलू लागतात, पाठांतराऐवजी समजून सांगू लागतात, नेपथ्याचा डामडौल न करता नाटक बसवतात. अखेरीस परीक्षा होते आणि अधिकारी थक्क होतो.

ही कथा काल्पनिक आहे. पण तिच्यातील तपशील काल्पनिक नाहीत. वर्गात उभे राहिल्याशिवाय असे लेखन होत नाही. लक्ष्मीरामला काय सुचले याहून त्याचे काय चुकले आणि चुकल्यावर त्याने दोष मुलांना न देता स्वतःची योजना कशी बदलली, हे वाचण्यासारखे आहे. विद्यार्थी केंद्रस्थानी ठेवणे म्हणजे मुलांना वाटेल तसे वागू देणे, असा जो सोयीस्कर अर्थ पुढे लावला गेला, त्याला या पुस्तकात आधार सापडत नाही. लक्ष्मीराम रोज घरी जाऊन उद्याची तयारी करतो. छडी हातात घेणाऱ्या शिक्षकाला तेवढे श्रम करावे लागत नाहीत.

याच काळात महाराष्ट्राचा आणि भावनगरचा संबंध जुळला. ताराबाई मोडक या मुंबईत १८९२ मध्ये जन्मलेल्या, प्रार्थनासमाजी केळकर घराण्यातील पदवीधर विदुषी. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्या होत्या. पद मानाचे होते आणि वेतनही चांगले होते. संसार मोडलेला, पदरी लहान मुलगी, आणि तिच्या शिक्षणाची चिंता. म्हणजे जो प्रश्न गिजुभाईंना पुत्रजन्मानंतर पडला, तोच ताराबाईंना कन्येविषयी पडला होता. गिजुभाईंचे लेखन वाचून त्या प्रभावित झाल्या आणि १९२३ मध्ये नोकरी सोडून भावनगरला आल्या. एका परप्रांतीय, पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीने अशा रीतीने छोट्या शहरात येऊन काम करणे त्या दिवसांत सोपे नव्हते. पुढील नऊ वर्षे दोघांनी खांद्याला खांदा लावून काम केले. कल्पनेची झेप गिजुभाईंची आणि व्यवस्थेची शिस्त ताराबाईंची, असे या सहकार्याचे स्वरूप स्थूलमानाने सांगता येईल. १९२५ मध्ये अध्यापन मंदिर सुरू झाले आणि तेथे बालशिक्षकांना तयार करण्यात येऊ लागले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक गुजरातीत निघू लागले. १९३३ पासून ताराबाईंनी ते मराठीतही आणले.

गिजुभाईंच्या लेखणीला विश्रांती ठाऊक नव्हती. लहानमोठी मिळून त्यांची पुस्तके दोनशेच्या घरात जातात. त्यांत मुलांसाठीच्या पुस्तिका आहेत, शिक्षकांसाठी भाषाशिक्षणाची चर्चा आहे, पालकांसाठी बोध आहे. १९२९ सालचे रणजितराम सुवर्णचंद्रक हे गुजराती साहित्यातील मानाचे पारितोषिक त्यांना मिळाले. बालवाङ्मयाला दुय्यम मानणाऱ्या काळात ही मान्यता लक्षणीय होती. १९३० च्या स्वातंत्र्यलढ्यातही ते मुलांना घेऊन उतरले. वानरसेनेच्या संघटनेत त्यांचा वाटा होता.

तथापि त्यांच्या कार्यातील एक उणीव त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यालाच पुढे जाणवली, हे सांगितले नाही तर हे चरित्र अपुरे राहील. बालमंदिरात येणारी मुले मुख्यतः शहरातील सुस्थित घरांची होती. साधने महाग होती, शिक्षक प्रशिक्षित लागत, आणि शुल्क परवडणारी घरेच तेथे मुले पाठवू शकत. रोममध्ये जे शिक्षण गरिबांच्या वस्तीत जन्मले, ते हिंदुस्थानात मध्यमवर्गाच्या अंगणात वाढले. गिजुभाईंचे मन गरिबांच्या शाळेकडे ओढ घेत होते याची साक्ष ‘दिवास्वप्न’च देते; पण त्या स्वप्नाला प्रत्यक्ष रूप देण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही.

१९३२ मध्ये ताराबाईंनी भावनगर सोडले. १९३६ मध्ये गिजुभाई स्वतः दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले. ज्या संस्थेसाठी वकिली सोडली, जिच्या टेकडीवर वीस वर्षांचे आयुष्य वेचले, तिचा निरोप घेण्याची वेळ यावी, ही घटना संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाला अंतर्मुख करणारी आहे. अशा वियोगात दोष कोणा एकाचा असतोच असे नाही. मोठी माणसे एकत्र आली की त्यांच्या वाटाही मोठ्या असतात आणि कधीतरी त्या फुटतात. नानाभाईंची दृष्टी ग्रामीण शिक्षणाकडे वळली होती आणि १९३८ मध्ये त्यांनी आंबला येथे ग्रामदक्षिणामूर्ती उभारली. गिजुभाई राजकोटला गेले. पन्नाशी उलटलेल्या, थकलेल्या शरीराने त्यांनी तेथे पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला आणि १९३८ मध्ये अध्यापन मंदिर सुरू केले. शिकायला येणाऱ्या तरुण शिक्षकांना ते स्वतः वर्ग देत.

प्रकृतीने मात्र साथ दिली नाही. पक्षाघाताने आजारी झालेल्या गिजुभाईंचे २३ जून १९३९ रोजी मुंबईत निधन झाले. वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. मारिया माँटेसरी थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळील अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षे भारतात राहिल्या. ज्या माणसाने त्यांची पद्धत गुजरातच्या मातीत लावली, तिला येथील गोष्टींचे आणि गाण्यांचे खत घातले, तो त्यांच्या स्वागताला उरला नव्हता.

अपुरे राहिलेले काम ताराबाईंनी हाती घेतले. १९३६ मध्ये त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केला होता. परंतु शहरातील बालमंदिरावर त्यांचे समाधान झाले नाही. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या, बोर्डी या गावी गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी म्हणून तेथे आल्या. साधनांसाठी इटलीकडे किंवा सुताराकडे पाहण्याऐवजी चिंचोके, शंख-शिंपले, पाने, खडे आणि काड्या यांवर मोजणी आणि अक्षरे शिकवण्याचा उपक्रम तेथे झाला. मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आकाराला आली. हा शब्द पुढे साऱ्या देशाने स्वीकारला. १९५६ मध्ये हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर शिक्षक गुरांमागे कुरणात गेले आणि कुरणशाळा भरू लागली.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरच्या वर्षापर्यंत, कोसबादचे काम चालवले. टेकडीवरच्या त्या शाळेत वारली मुलांना सकाळी हातपाय धुवायला लावून प्रथम गोष्ट सांगितली जाई, आणि मगच अक्षरांच्या पाट्या बाहेर निघत.